डब्यावरचा आकडा

डब्यावर मीच लिहिलं होतं, जाड काळ्या पेनने: ३०००.
खोटं नव्हतं.
माझ्या टेस्टच्या इंजिनामागे तो कन्व्हर्टर तीन हजारांवरच अडायचा,
ब्रेक दाबलेला, पेडल जमिनीला,
काटा चढत चढत येऊन तिथे थांबायचा
आणि मग नुसतं तेल तापायचं.

रॉइस हॅस्केटने पैसे मोजले, डबा खांद्यावर घेतला.
त्याच्या नोव्हाच्या पुढ्यात काय आहे, हे मी विचारलं नाही.
गव्हाचा हंगाम होता. एलेव्हेटरबाहेर ट्रकांची रांग,
हचिन्सनभर कोंड्याची धूळ,
आणि माझ्या दारात अजून चार गिअरबॉक्स.

आठवड्याने परत आला तो शिव्या देतच.
तेवीसशे! तेवीसशेवरच अडतो! फसवलंस!
मी म्हटलं, डबा बरोबर आहे. इंजिन तुझं आहे.
एवढंच. वर हसलोही असेन थोडा.
त्यानंतर तो माझ्या दारात आला नाही.

आज त्याची बहीण आली, जूनी. गाडी आता तिची,
कसल्याशा उसनवारीच्या बदल्यात.
सिग्नलला मेल्यासारखी उठते, म्हणाली, आणि मग एकदम उधळते.
डॅशबोर्डवर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर
रॉइसचं अक्षर: ३०००?
ते प्रश्नचिन्ह मी पहिल्यांदाच पाहिलं.

बॉनेट उघडलं. कॅम मोठा, फारच मोठा,
आयडलला गाडी थंडीत कुडकुडणाऱ्या कुत्र्यासारखी.
असा कॅम वरच्या आरपीएमला राजा,
खाली मात्र अंगात त्राण नाही.
आणि कन्व्हर्टर काय करणार?
दोन चक्रं, एकमेकांना न शिवणारी, एकाच तेलात.
एक ढकलतं, दुसरं जेवढं ढकललं गेलं तेवढंच सरकतं.
तेलाला आकडे वाचता येत नाहीत.
जोर आला तर ते अडतं उशिरा, वर.
जोर नाही तर अडतं लवकर, खाली.
हाच डबा उद्या बिग ब्लॉकमागे लाव,
साडेतीन हजार दाखवेल, आणि तेही खोटं नसेल.

जूनीने ऐकलं सगळं. मग म्हणाली,
हे त्याला सांगितलं होतंस?

मी चिंधीने हात पुसत राहिलो. हात स्वच्छ होते.

तिने फोन लावला. तो कोडियाकला असतो, मासेमारीच्या बोटीवर,
अकरा वर्षं. मागे वारा, कुणीतरी ओरडत होतं.
तिने फोन इंजिनाजवळ धरला, मला मान हलवली.
मी आत बसलो. डावा पाय ब्रेकवर, उजवा खाली.
गाडी नाक खाली घालून थरथरली,
मागची चाकं वीतभर सरकली, काटा चढला,
आणि थांबला.
मी पाय उचलायच्या आत फोनमधून आवाज आला:
तेवीसशे.

इतक्या लांबून, बोटीच्या डिझेलच्या घरघरीतून,
निव्वळ कानाने.

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
तो आहे का तिथे, त्याने विचारलं.
मी फोन घेतला. घशात धूळ असावी.
म्हटलं, रॉइस, पुढे काय बसवलंयस, हे मी विचारायला हवं होतं.
तिकडून उत्तर आलं नाही, फक्त वारा.
मग तो म्हणाला, कॅम मी त्याच महिन्यात टाकला होता.
सांगितलं नाही. तू हसशील वाटलं.

हसलो असतो. तसं त्याला सांगूनही टाकलं.

जूनीने कन्व्हर्टर बदलायला नकार दिला आहे.
आधी कॅम बघू, म्हणते, पैसे झाले की.
चिकटपट्टी काढू का विचारलं तर नको म्हणाली.
मी कोपऱ्यातला नवा डबा घेतला,
पेनचं टोपण काढलं,
आणि आकडा लिहायच्या जागी
बराच वेळ काही लिहिलं नाही.